सहा बटणांची चाचणी

आजार कुणालाही होऊ शकतो. पण त्यावर संशोधन व्हायचं तर तो पुरेशा लोकांना व्हावा लागतो. हे तत्त्व आमच्या संशोधन-मंजुरी समितीने फार पूर्वीच स्वीकारले असून त्यामुळे समितीचा पुष्कळ वेळ वाचला आहे. (मी समितीचा सचिव. चहा वेळेवर येतो.)

अशात एक शिंपी आणि शाळेत गणित शिकवणारी त्याची बायको अर्ज घेऊन आले. त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीची बोटं आखडत चालली होती. हातापाया पडून त्यांनी एका प्रयोगशाळेकडून औषध तयार करून घेतलं होतं. आता चाचणीला परवानगी हवी होती.

"रुग्ण किती?" मी विचारलं.

"एकच. आमची," बाई म्हणाल्या.

एकालाच होतो तो आजार नसून स्वभाव असतो, असा शेरा मारून आम्ही अर्ज परत केला.

दीड वर्षात दोघांनी देशोदेशी पत्रं धाडून अशीच आणखी अकरा मुलं शोधली. समितीने कौतुकाचा ठराव एकमताने संमत केला (गैरहजर : पाच) आणि आजाराचं मोजमाप मागितलं. शिंप्याने लेकीचा सदरा टेबलावर ठेवला. बटणं सहा. ती लावायला तिला पूर्वी चाळीस सेकंद लागत, आता चार मिनिटं. बटणं एका मापाची नाहीत, ही त्रुटी आमच्या नजरेतून सुटली नाही. त्याने बारा मुलांसाठी एकाच मापाच्या बटणांचे बारा सदरे शिवले. अध्यक्षांनी खातरजमेसाठी स्वतः बटणं लावून पाहिली. त्यांना पाच मिनिटं लागली. ती नोंद इतिवृत्तातून वगळली आहे.

आता एकच अट उरली आहे : तुलनेसाठी तीस धडधाकट मुलांचं चमचाभर रक्त. बातमी गावभर झाली. नऊ हजार लोकांनी हळहळ कळवली, चारशेंनी आशीर्वाद दिले, तिघांनी सत्कार ठेवला. जमा नमुने : सात. (दोन आमच्या चहावाल्याच्या मुलींचे. माझा मुलगा सुईला घाबरतो.)

परवा ती मुलगी आईबरोबर आली होती. पाचव्या बटणाशी अडली. "काका, तेवढं लावता?" म्हणाली. मी लावलं. खरं सांगतो, मान वर करवेना.

तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे मनाचे हळवे दिसता. वाचायला दोन मिनिटं गेली. नमुन्यालाही तेवढीच लागतात. खोली क्रमांक चार, सकाळी दहा ते एक. मुलाला घेऊन या.

काय म्हणता, परीक्षा जवळ आलीय? काही हरकत नाही. नकारपत्रावर कारणाच्या रकान्यात आम्ही तेच छापून ठेवलं आहे. तुम्ही फक्त सही करा.