आबा चिंचेवर

गुडघे कुरकुरायला लागल्यापासून हिंदुरावांना घरात कुणी पाण्याचा तांब्याही उचलू देत नव्हतं. मोशीतल्या त्यांच्या शेतावर आता मोठी सोसायटी उभी होती. बिल्डरने एक जुनी चिंच तेवढी गेटबाहेर शोभेला ठेवली होती. बारावीतल्या नातीचा, दिव्याचा हात धरून ते संध्याकाळी तिथवर जात आणि "हितं आपली इहीर हुती," असं रोज नव्याने सांगत.

त्या दिवशी गेटमधून एक दांडगा कुत्रा पट्टा सोडवून थेट त्यांच्याकडे धावत सुटला. दिव्याने वळून पाहिलं, तर आबा शेजारी नव्हतेच. ते चिंचेच्या फांदीवर होते. काठी खाली पडली होती.

"काका, बिस्किट काही करत नाही हो!" मागून धापा टाकत आलेली मालकीण ओरडली. बिस्किट शेपूट हलवत काठी चाटत होता.

"आबा, वर चढलात कसे?"

"मला काय ठावं? पायांनीच ठरवलं!"

दिव्याची परीक्षा जवळ आली होती. ती म्हणाली, "मेंदूला धोका कळला की तो नसांमधून मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना निरोप धाडतो. त्या रक्तात अॅड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते, अंगात बळ येतं, दुखणंही जाणवत नाही."

"आन् खाली कोण सोडतं?"

हे काही धड्यात नव्हतं. बळ ओसरलं, गुडघे ठणकू लागले, आबांनी फांदीला मिठी मारली. वॉचमन भिमाजी शिडी आणायला पळाला. दिव्याने घाबरून आजीला फोन लावला.

रुक्मिणीबाई तरातरा आल्या. "वय काय, चढताय कुठं? पडला आसता म्हंजे?"

"रुक्मे," वरून हळू आवाज आला, "हितनं इंद्रायनी दिसतीया गं. आजून."

रुक्मिणीबाईंना आठवलं. लग्न नवं असताना आईचा डोळा चुकवून हा माणूस याच झाडावर चढायचा, बायकोसाठी.

"गाभुळल्यात का?" त्यांनी विचारलं.

उत्तरादाखल एक चिंच खाली पडली. मग दुसरी. रुक्मिणीबाईंनी पदर पसरला.

"आजी, तोंडाला पाणी सुटलं ना? तेही मेंदूच—"

"गप. तू हिकडचं टोक धर."

भिमाजी शिडी घेऊन आला. "लावू का, मावशी?"

"थांब की जरा," रुक्मिणीबाई वर बघत म्हणाल्या. "त्या पल्याडच्या फांदीवरच्या ऱ्हायल्यात."