अक्षता लागलेली कडी

आमच्या बिल्डिंगमध्ये तुम्ही पहिल्यांदाच आलात आणि जिना चढता चढता दिवा गेला, तर घाबरू नका. लाइट गेलेली नसते. तिसऱ्या मजल्यावरचे निकम काका मागून येत असतात आणि बटण बंद करून म्हणत असतात, "तेवढंच वर जाईल."

वर म्हणजे देवाकडे नव्हे, रॉकेटकडे. सरकारकडे पैसा कमी, म्हणून अंतराळाच्या मोहिमा रखडतात. तेव्हा आपण वाचवलेली वीज कुठून ना कुठून तिकडे पोचणारच, असा काकांचा सरळ हिशेब. मी शाळेत गणित शिकवते. हा हिशेब कुठे चुकतो ते मी त्यांना दोनदा समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना माझ्या हॉलमधला पंखा बंद केला. मे महिना होता.

देवराम निकम मूळचे नामपूरचे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं तीन लेथ मशीनचं वर्कशॉप आहे. हे वेड त्यांना उगाच लागलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी अंतराळ खात्याकडून त्यांना एक काम मिळालं. रॉकेटमधल्या झडपेत बसणारी एक कडी, बांगडीएवढी. धातू महागाचा आणि खात्याचा हात आखडता, म्हणून धातूचा एकच तुकडा आला आणि सोबत चिठ्ठी आली, की जपून करा, दुसरा तुकडा नाही. दुसरा कोणी असता तर काम परत करून मोकळा झाला असता. काका उलट खूश. म्हणाले, हे आपल्यासारखंच घर दिसतंय. पुढचे अकरा दिवस वर्कशॉपमधला रेडिओ बंद होता आणि शिंक आलीच तर बाहेर जाऊन शिंकायचा हुकूम होता.

कडी झाली, खात्याच्या दक्षिणेतल्या स्टोअरला पोचली आणि मोहीम पुढे ढकलली गेली. निधी मंजूर नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आम्ही चेष्टा करायचो, काका, तुमचं रॉकेट गंजलं असेल. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "गरिबाघरचं लग्न लांबतं. मोडत नाही."

लग्न हा शब्द ते उगाच वापरत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. दर महिन्याच्या एक तारखेला ते गॅलरीत उभे राहून स्टोअरमधल्या सेल्वम नावाच्या माणसाला फोन लावायचे. त्याला मराठी येत नाही आणि काकांची हिंदी नामपूरच्या कांदा बाजारातली. "हमारी कडी बराबर है ना? सर्दी-बिर्दी तो नहीं लगी?" सर्दी म्हणजे दमट हवा. तो बिचारा कपाटातली सीलबंद पेटी बघून यायचा आणि ठीक है म्हणायचा. तेवढ्यावर काकांचा महिना निघायचा.

पुण्याचा मुलगा, नितीन, सारखा मागे लागलेला, की वर्कशॉप बंद करा, मोतीबिंदू काढून घ्या, इकडे राहायला या. काकूंच्याही मनात तेच. काका म्हणायचे, पोरगी उजवल्याशिवाय घर कसं सोडू? नितीन एकुलता एक. एकदा तो फोनवर म्हणाला, बाबा, मला बहीण आहे हे आधी सांगायचं ना.

गेल्या वर्षी निधी मंजूर झाला आणि पाठोपाठ संकट आलं. तिकडे पेटी उघडली तर कडीबरोबर तांदळाचे पाच दाणे निघाले, कुंकू लावलेले. जिथे धुळीचा कण चालत नाही तिथे अक्षता! कडीवर लाल डाग. खात्याचं पत्र आलं, की कडी परत पाठवतोय, साफ करून मापं पुन्हा द्या. मापात बसली नाही तर नवीन करायला ना धातू आहे ना तरतूद. तुमच्या कडीशिवाय काम भागवू.

काकांनी सगळ्या बिल्डिंगसमोर खापर काकूंवर फोडलं. काकू गप्प राहिल्या. आता, काकू गप्प बसणाऱ्यातल्या अजिबात नाहीत, त्यामुळे मला तेव्हाच शंका आली.

कडी आली त्या दिवशी काका माझ्या दारात उभे. मोतीबिंदूमुळे त्यांना मोजायच्या डायलवरचा काटा दिसेना. वर्कशॉपमधली माणसं चांगली आहेत, पण माझ्या धाकाने मला हवं तेच वाचतील, म्हणाले. तुम्ही गणिताच्या. तुम्ही कुणाला फुकट मार्क देत नाही.

मी वर्कशॉपमध्ये गेले. काकूही डबा घेऊन आल्या. कडी धुतली, पुसली. बारा ठिकाणी माप घ्यायचं होतं. काका कडी फिरवायचे, मी काटा वाचायचे. अकरा ठिकाणी बरोबर आलं. बारावी जागा डागाची. तिथे काकांचा हात थांबला.

"तांदूळ मीच टाकले होते," ते कडीकडे बघत म्हणाले. "पोरीला नुसतंच कसं पाठवायचं?"

"माले माहीत शे," काकू अहिराणीत म्हणाल्या. "आते मोजा."

मी वाचलं. काटा हवा तिथेच होता. काकांनी आणखी दोनदा वाचायला लावलं, आणि मग स्टुलावर बसून सरळ रडायला लागले. इतकी वर्षं मी या माणसाला हसत आले होते, याची मला लाज वाटली. पाठवणीच्या वेळी मात्र काकूंनी पेटीची झडती घेतली, काकांच्या खिशांसकट.

उड्डाण दुपारी होतं. सगळी बिल्डिंग काकांच्या हॉलमध्ये. पंखा चक्क चालू. रॉकेट वर गेलं, टाळ्या झाल्या, पेढे झाले, लोक पांगले. मी काकूंना बशा विसळू लागायला मागे राहिले. काका फोन मांडीवर घेऊन बसले होते. म्हटलं, काका, पोरगी उजवली, आता जा पुण्याला.

"जाईन," ते म्हणाले. "पण पोचल्याचा फोन येऊ दे."

मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा बघितला. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, पेढासुद्धा नाही. लेक सासरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत बापाच्या घशाखाली घास उतरत नाही, त्यातली गत. "ही माहेरी यायची नाही, मॅडम," ते म्हणाले. "घडवतानाच माहीत होतं."

दिवेलागणीला फोन वाजला. सहा वर्षांत तिकडून आपणहून आलेला पहिलाच. काकांना बटण दिसेना, मीच दाबून दिलं.

"काकाजी, सेल्वम बोलता हूँ. पहुँच गई. बराबर पहुँच गई."

काकांनी फोन मांडीवर ठेवला. मग डोळे पुसून काकूंना म्हणाले, "पानं घे. आणि नितीनला सांग, येतो म्हणावं."