योग्य काम

शासन माणसाला उपाशी ठेवत नाही आणि रिकामंही बसू देत नाही, हे तत्त्व मोठं थोर आहे. या तत्त्वानुसार वाल्मिक अहिरे गेले चार महिने सुरतेच्या उधना भागातल्या एका ग्रंथालयात स्टुलावर रिकामे बसले होते.

पांडेसऱ्यात सव्वीस वर्षं त्यांनी माग चालवले. शहाण्णव साली कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा सहाय्य मंजूर झालं. अट एकच, सहाय्य कचेरी देईल ते योग्य काम करायचं. डॉक्टरांनी कान तपासून लिहिलं, ‘गोंगाटात काम देऊ नये.’ सुरतेत शांत जागा शोधता शोधता कचेरीला हे वाचनालय सापडलं. काम होतं शांतता राखण्याचं.

पहिल्याच दिवशी दोन मुली कुजबुजल्या. वाल्मिक ओरडले, “बोलू नका!” चाळीस मागांपलीकडे पोचणारा आवाज तो. एका पेन्शनर गृहस्थांचा चष्मा खाली पडला. तेव्हापासून वाल्मिक कारखान्यातल्या खाणाखुणांनीच बोलू लागले. आठवड्याने नव्यानेच येऊ लागलेल्या एका गृहस्थांनी हळहळत मुक्यांच्या सहाय्याचा फॉर्म आणून दिला.

“बसेल जागे पगार भेटस, तरी तोंड कसाले पाडतस?” त्यांच्या बायकोने, धुरपदाबाईंनी, घरी विचारलं.

“माले करमस नई,” वाल्मिक म्हणाले. डोक्यावरचा पंखा कुरकुरला की त्यांचा हात आपोआप मागावरचा धोटा बदलायला उठायचा.

ग्रंथालयामागच्या गल्लीत यंत्रमागाचा एक गाळा होता. जेवणाच्या सुट्टीत वाल्मिक त्याच्या खिडकीशी उभे राहू लागले. एकदा धागा तुटला आणि कारागीर चहाला गेलेला. वाल्मिक आत शिरले, गाठ मारली, माग सुरू केला. दुसऱ्या दिवशी दोन तास थांबले. तिसऱ्या दिवशी कचेरीतल्या सुनंदाबेन तपासणीला आल्या, रिकामं स्टूल पाहिलं, आणि विचारत विचारत गाळ्यात पोचल्या.

“काका, बाहेर या! सहाय्य घेता आणि इथे काम करता?”

“बेन, हे काम मला योग्य नाही, असं तुमच्याच कागदावर लिहेल आहे ना?”

“म्हणून तर विचारतेय!”

“मग योग्य नाही, ते काम कसं धरता?”

सुनंदाबेननी फाइल उघडून डॉक्टरांचा कागद काढला. मग म्हणाल्या, “आणि कानाचं काय?”

“डाव्यात आता काही जातच नाही. बिघडंल काय?” वाल्मिकनी मागावर हात ठेवला. “एक दिवस द्या, बेन. आठवड्यातून एकच.”

बेननी फाइल वर पाठवली: ‘योग्य नसलेले काम हे काम समजावे काय?’ दीड महिन्याने उत्तर आलं. समजू नये, तो छंद समजावा. छंद सुट्टीच्या दिवशी करण्यास हरकत नाही. ग्रंथालयाला सुट्टी सोमवारी होती.

रविवारी धुरपदाबाईंनी सदरा धुतला. वाल्मिकनी जुनी कातर काढून खोबरेल तेलाने पुसली आणि सोमवारी सात वाजताच ते गल्लीत हजर झाले. गाळ्याला कुलूप होतं. शेजारचा पानवाला गल्ला पुसत होता.

“आज क्यों आए, चाचा?”

पांडेसऱ्यात त्यांच्या कारखान्याची वीज आठवड्यातून एक दिवस, बुधवारी, बंद असायची आणि मागांना त्याच दिवशी सुट्टी. या गल्लीत ती दर सोमवारी बंद असे.