छातीवरच्या कॅमेऱ्यातला नवरा

माणसाची खरी ओळख संकटात पटते, असं म्हणतात. ही सोय आता जुनी झाली. हल्ली ती पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात पटते, आणि रीतसर अर्ज केल्यास एकविसाव्या दिवशी तिची प्रतही मिळते.

पडदे शिवणाऱ्या बाईला ती प्रत वकिलांच्या कचेरीत बघायला मिळाली. तिचा नवरा लाँड्रीची गाडी चालवायचा. एका सोबत्याच्या निवृत्तीच्या समारंभात तीन पेले घेऊन (तीनच, हे त्याने घरी कबूल केलं होतं) दुपारी चारला परतताना पोलिसाने त्याला अडवलं. फुंकर मारायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. ते नेहमीच गेलेलं असतं. त्याला दुरुस्तीचं व्यसन आहे. त्यामुळे पुरावा उरला एकच, चौदा मिनिटांची चित्रफीत. गुन्हा शाबीत झाला तर परवाना जाणार आणि परवान्यामागोमाग नोकरी. नवऱ्याला दुसरं काही येत नव्हतं. (पडदे टांगणंही नाही, ते करून बघितलं होतं.)

असली फीत आरोपीला बुडवते, असा एक बाळबोध समज आहे. बचावाच्या वकिलांचं मत उलट होतं.

"ताई, पोलीस कागदावर लिहितो, 'झोकांड्या खात होता.' कॅमेऱ्याला लिहिता येत नाही, हे आपलं नशीब. बघा."

फितीतला नवरा पांढऱ्या पट्ट्यावरून टाचेला बोटं लावत नऊ पावलं चालला. बाईची नजर शिलाईची. टीप सुतभरही सरकली नव्हती. बावीस वर्षांत हा माणूस चहा न सांडता ओट्यापासून खुर्चीपर्यंत आल्याचं तिला आठवत नव्हतं. हलत होते ते विजेचा खांब, दुकानाची पाटी आणि समोरची इमारत, कारण पोलीस अंगाने भरलेला होता आणि कॅमेरा त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होत होता.

"जिंकलो," वकील म्हणाले. "फक्त आवाज लावू नका."

बाईने आवाज लावला.

"साहेब, चूक माझीच आहे," नवरा पोलिसाला सांगत होता. "एवढ्या उन्हात उभे तुम्ही, जेवलात तरी का? आणि माझ्या बायकोचे हात बघायला हवेत तुम्ही एकदा. ती पडदा टांगते ना, खिडकीला नटल्यासारखं वाटतं."

बाईने फीत पाच वेळा लावून घेतली. "मी पावलं मोजत होते," ती वकिलांना म्हणाली. (पाचही वेळा तिचे डोळे मिटलेले होते.)

कोर्टात सरकारी वकिलांनी पावलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी नुसता आवाज ऐकवला. आरोपीने आपली चूक आपणहून मान्य केली. परक्याच्या जेवणाची चौकशी केली. आणि बायकोची स्तुती केली, तीसुद्धा ती हजर नसताना. "शुद्धीवरचा कोणता नवरा असं बोलतो?" त्यांनी विचारलं. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. शिपाई छताकडे बघू लागला. त्या वेळी दालनात एकोणीस विवाहित पुरुष होते. हरकत एकानेही घेतली नाही.

आता आरोपी एरवीही असाच बोलतो, हे सिद्ध करणं एवढीच वाट उरली. साक्षीदारही एकच.

बाईने शपथ घेतली. आकडेवारी तिला पाठ होती. नवरा दिवसाला सरासरी अकरा वाक्यं बोलतो. पैकी सहा 'चावी कुठंय', तीन 'हं' (याला वाक्य धरावं का, यावर मतभेद आहेत), उरलेली दोन उकाड्याबद्दल.

"घरी असंच बोलतात ते?" बचावाच्या वकिलांनी विचारलं.

"हो. रोज."

"शेवटचं कधी?" सरकारी वकील उठले.

"आज सकाळी. म्हणाले, निळा रंग तुला शोभतो."

पिंजऱ्यातल्या नवऱ्याने दचकून मान वर केली. बायको निळ्या कपड्यांत आहे, हे त्याला तेव्हा कळलं.

आरोपी निर्दोष सुटला. पण न्यायाधीश कसलेले होते. साक्ष शपथेवरची असल्यामुळे ती खरी ठेवणं ही कुटुंबाची जबाबदारी राहील, असं त्यांनी निकालात नोंदवलं. सबब, सहा महिने रोज संध्याकाळी सातला त्याच पोलिसाने त्याच कॅमेऱ्यासह घरी हजर राहून आरोपीच्या एका गोड वाक्याची नोंद घ्यावी. एक दिवस जरी चुकला तर साक्ष खोटी, बाई तुरुंगात आणि परवाना रद्द.

पोलीस इमानेइतबारे येऊ लागला.

"वहिनी, जरा उजेडात सरका. हं, बोला."

"तू... चांगली आहेस."

"चांगली म्हणजे काय? इथं रकाना आहे."

"शिवतेस चांगली."

"हे काल झालं. तेच तेच चालत नाही हो, वहिनींना आत टाकावं लागेल."

त्या धाकाने नवरा बायकोकडे बघायला शिकला, कारण न बघता रोज नवं काय सुचणार? तिसऱ्या महिन्यात तो अडखळेनासा झाला. सत्तेचाळीस फितींत पोलिसाचे हुंदके स्पष्ट ऐकू येतात. योजनेची कीर्ती पसरली. नवऱ्याला कुठल्या चौकात अडवून मिळेल, अशी विचारणा चौतीस बायकांनी चौकीवर केली. त्यांतल्या नऊजणींच्या घरी गाडीच नव्हती.

शेवटच्या दिवशी पोलिसाने कॅमेऱ्याचा लाल दिवा विझवला, वहिनींच्या हातचा चहा घेतला आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मशीनवर बसली. आता आपली काही अपेक्षा नाही, असं तिने स्वतःला दोनदा बजावलं. नवरा बूट चढवून दाराशी आला, थांबला, सवयीने कॉलर नीट केली. समोर कोणी नव्हतं.

"टीप घालताना तू जीभ दाताखाली धरतेस," तो म्हणाला. "मला आवडतं ते."

मशीन थांबलं. बाई उठली, त्याच्या अगदी जवळ गेली आणि तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग खात्रीसाठी पुन्हा एकदा.

"अहो," ती मायेने म्हणाली आणि गाडीची चावी आपल्या पिशवीत टाकली, "आज बसने जा."

वाचकहो, हसा खुशाल. मात्र आज घरी गेल्यावर, काही मागायचं नसताना, एक चांगलं वाक्य बोलून बघा. समोरचं माणूस जवळ येईल. ते प्रेमाने येतंय असं समजून डोळे मिटू नका. यंत्र दुरुस्तीला गेलेलं असतं. घरातलं नाक जागेवरच असतं.