कोळशाला ढोसणारे साळवे मामा

लग्नाच्या पंगतीत शेजारी अनोळखी माणूस आला की आपण विचारतो, गाव कुठलं, मुलाकडचे की मुलीकडचे. साळवे मामा विचारतात, "तुमच्या कारखान्यात फेकायला काय निघतं?"

माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी हे खुद्द नवऱ्या मुलाच्या काकांना विचारलं. काका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत होते. त्यांची जिलबी हातातच राहिली. मळीचं सांडपाणी बॉयलरात जाळल्यावर राख कुठं पडते, कोण उचलतं, पावसात भिजते का, सगळं मामांनी मठ्ठा येईपर्यंत काढून घेतलं. चौथ्या दिवशी स्कूटरवर दोन गोण्या लादून ते लॅबच्या दारात हजर.

मामा आमच्या नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट. मी तिथं केमिस्ट्री शिकवते, म्हणजे कागदोपत्री मी त्यांची वरिष्ठ. मामांना हे कुणी सांगितलेलं नसावं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले तर ते प्राचार्यांनाच "बसा" म्हणतात.

त्यांचं वेड एकच. कोळसा जाळायचा नाही. बंद नळीत लालबुंद तापवून वर वाफ सोडायची, की त्याचा जळणारा गॅस होतो. पण हे काम रडतखडत चालतं. वेग यायला कॅटॅलिस्ट लागतो, आणि तो विकत आणणं मामांना कमीपणाचं वाटतं.

"कोळसा लई आळशी, मॅडम. त्याला ढोसणारं कुनीतरी पायजे. आन् आपल्या एमआयडीसीत ढोसणारे उकिरड्यावर पडल्यात."

म्हणून लोखंडाची खपली, फाउंड्रीची धूळ, चुन्याचा गाळ, सगळं बरण्यांत भरून ठेवलेलं. वर लेबलं: 'रागीट', 'बरी', 'नुसती जागा अडवते'. सोयरीक बघायला गेल्यासारखी. डिस्टिलरीच्या राखेत पोटॅश भरपूर, आणि कोळशाला ढोसण्यात पोटॅश पटाईत. तिच्या बरणीवर लिहिलं होतं, 'हुशार'.

यंदा मामा रिटायर होणार होते आणि त्यांच्या खोलीवर दुसऱ्या विभागाचा डोळा होता. प्राचार्य म्हणाले, साखर कारखान्याच्या लोकांना प्रयोग पटला तर तो पुढं चालू ठेवू, नाहीतर सगळं भंगारात. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

दोन इंजिनिअर आले. राख मिसळलेल्या कोळशाचा गॅस भसाभस निघाला, छान निळी ज्योत. "आता बिनराखेचा बघा," मामा म्हणाले, "कसा लोळत पडतोय." नळी थंड करून बिनराखेचा कोळसा भरला, तापवला, वाफ सोडली. तोही तितकाच भसाभस. ज्योतही तशीच निळी.

"मग राख कशाला?" एक इंजिनिअर हसत म्हणाला. मामांनी वाफेचा कॉक बंद करून परत उघडला.

चूक माझ्या लक्षात आली. वर्षानुवर्षं तीच नळी. पोटॅश तिच्या भिंतीत मुरलं होतं आणि तापल्यावर बिनराखेच्या कोळशालाही ढोसत होतं. "मामा, नळी बदला म्हणून मी किती वेळा बोंबलले?" मामा पुटपुटले, "नळी काय वाईट न्हाई."

इंजिनिअर समजूतदार निघाले. नव्या नळीत करून दाखवा, आणि जुनी कापून आतला थर तपासून पुरावा द्या, म्हणाले. आठवड्याची मुदत.

नव्या नळीत बिनराखेचा कोळसा खरोखर लोळत पडला. राखेचा पेटून उठला. आता फक्त जुनी कापायची होती. सोमवारी मामांना करवतीचं पातं सापडेना. मंगळवारी पातं सापडलं, तर नळी आवळून धरायचा शेगडा कुणीतरी नेलेला. बुधवारी त्यांचा खांदा दुखायला लागला. गुरुवारी माझं डोकं फिरलं. "मामा, उद्या रिपोर्ट द्यायचाय. एका लोखंडाच्या नळीपायी सगळं घालवताय?"

मामा स्टुलावर बसले. "बबननं केलेली हाय ती."

बबन आमच्या वर्कशॉपचा वेल्डर. करोनात गेला.

"ह्या जोडापायी दिवाळीत घरला गेला न्हवता तो. दुपारी आमी हितंच डबा खायचो. त्याच्यामागं माझ्यासंगं कुनी डबा खाल्ला न्हाई, मॅडम. नळी तेवढी हुती."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी शेजारच्या स्टाफरूममध्ये जेवत होते, मध्ये एक भिंत.

मामांनी करवत माझ्या हातात दिली. "तुमी कापा. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. तेवढा जोड सोडून कापा."

मी कापायला घेतलं. मामांनी दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं होतं. निम्म्यावर आल्यावर म्हणाले, "जरा दमानं, मॅडम." मी दमानं घेतलं.

कापून झालं तेव्हा एक वाजला होता. मी स्टाफरूममधून माझा डबा घेऊन आले. मामांनी कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढलं आणि फडक्यानं पुसायला लागले.