साहेबरावांचा चौथा गडी

ब्रिजच्या डावातला चौथा गडी उठून गेला, की उरलेल्या तिघांची गत तीन पायांच्या बाजेसारखी होते. दिसायला बाज, पण पाठ टेकायची सोय नाही. शेळगावात साहेबरावांच्या ओसरीवर सध्या अशीच बाज पडली होती. साखर कारखान्यात नोकरीला असताना एका इंजिनिअरनं चौघांना हा खेळ लावला आणि निवृत्तीनंतरही दर रविवारी तो सुरू राहिला. मोडला तो साहेबरावांच्या जिभेनं. त्यांच्या खेळातल्या जन्माच्या जोडीदारानं, अंथुर्ण्याच्या दत्तोबानं, त्यांच्याच बदामाच्या एक्क्यावर हुकूम मारला.

"आरं, औताचा बैलबी जोडीदाराच्या पायावर पाय देत न्हाय!" साहेबराव कडाडले.

"मग बैलच आना खेळाय," दत्तोबानं पत्ते ठेवले, मोटरसायकलला किक मारली, आणि तेव्हापासून फोन उचलणं बंद.

"अवो, जावा की. सॉरी म्हना," साहेबरावांच्या पत्नी रंगुबाई म्हणाल्या.

"मी? हुकूम त्यानं मारलाय! त्याच्याबिगर काय अडत न्हाय माझं. पत्तं खेळनारी यंत्रं निघाल्यात आता."

आणि खरोखरच साहेबराव बारामतीला गेले. दुकानदार सोमनाथनं काचेवर तीन यंत्रं मांडली, मोबाईलएवढीच. साहेबरावांनी बैलबाजाराचा रिवाज सोडला नाही. एकेकाच्या पाठीवरनं हात फिरवला, बटणं दात बघितल्यासारखी चाचपली.

"तात्या, हे एकटंच तिन्ही हात खेळतं. तुमी फकस्त चौथा खेळायचा."

"म्हंजी माझ्या बाजूनंबी ह्येच, आन माझ्या इरुद्धबी ह्येच?"

"व्हय."

"असला एक गडी आमच्या कारखान्याच्या निवडणुकीत हुता. सकाळी आमचा, सांजच्याला त्येंचा. नगं."

"मग हे घ्या. तुमची चूक झाली की लगीच बोलून दाखवतं."

"चुका दाखवाय घरी मानूस हाय. फुडं?"

तिसऱ्यात वाटलेले पत्ते बटणं दाबून भरायचे, की कुठलं पान टाकायचं ते पडद्यावर दिसे. बाकीच्यांचे पत्ते त्याला ठाऊक नसत. "ह्यो इमानी हाय," असं म्हणून साहेबरावांनी ते खिशात घातलं आणि सबंध वाटभर छातीवर हात ठेवून आले.

रविवारी घोळ झाला. यंत्राला हात नाहीत! त्याचे पत्ते बघून भरायचे कुणी, आणि टाकायचे कुणी? उरलेले दोघे गडी, रविराज आणि विजयसिंह, पडले विरुद्ध बाजूचे. साहेबरावांनी स्वतः बघावेत, तर जोडीदाराचे पत्ते बघणं म्हणजे चोरीच. रंगुबाईंनी कणकेचे हात दाखवले.

"तात्या, ब्रिज कळनारा पाचवा मानूस ह्या पंचक्रोशीत न्हाय," रविराज म्हणाला, आणि त्यानं स्वतःच्या फोनवरनं अंथुर्णं लावलं. "दत्तोबातात्या, खेळायचं न्हाय हो, नुसतं यंत्र धरायचंय."

आपल्या जागी आलेलं जनावर कसं आहे, हे बघायची खाज कुणाला सुटणार नाही? "येतो. पन त्येंच्याशी बोलनार न्हाय."

दत्तोबा आला, साहेबरावांच्या समोर बसला, पत्ते भरले आणि यंत्र सांगेल ते पान मुकाट टाकू लागला. डाव बिनचूक चालले. साहेबराव जिंकत होते आणि सुकत होते. दर डावानंतर तोंड उघडायचं आणि नुसतंच मिटायचं. शिवी द्यायला जागा म्हणून नाही! खेळ आहे की शोकसभा?

मग अचानक यंत्र बिघडलं. हातची बदामाची राणी फुकट घालवली. साहेबरावांच्या अंगात जीव आला. पण समोर दत्तोबा असल्यानं त्यांनी ती शिवी पाण्याबरोबर गिळायची ठरवली आणि माठाकडे गेले. येताना दत्तोबाच्या मागनं आले, पत्ते दिसू नयेत म्हणून एक डोळा मिटून. उघड्या डोळ्याला यंत्र दिसलं. पडदा काळाठिक्कर. सेल कधीच संपले होते, आणि दत्तोबा त्या मढ्याची बटणं मन लावून दाबत होता.

साहेबराव गुपचूप जागेवर येऊन बसले.

"तात्या, ह्येचा पडदा तर..." रविराजनं मान लांब केली. साहेबरावांनी सतरंजीवरच त्याच्या पायावर पाय दिला.

"इचार करतंय ते. गप." मग ते यंत्राकडे वळले आणि साठलेलं सगळं बाहेर काढलं. "ए यंत्रा! राणी राखून ठिवायची हुती तितं! डोस्कं हाय का रॉकेलचं डबडं?"

दत्तोबानं पत्ते खाली ठेवले. त्यानं सावकाश यंत्र उचललं, कानाला लावलं, ऐकलं, मान डोलावली.

"त्ये म्हनतंय, पयली बोली तुमचीच चुकली."

एरवी साहेबरावांनी छप्पर डोक्यावर घेतलं असतं. आज ते खाली मान घालून म्हणाले, "आसंल. माझं जरा जास्तच झालं, म्हनावं त्येला. आन इचार, फुडल्या रविवारी येतंय का?"

यंत्र पुन्हा कानाला गेलं. या वेळी दत्तोबानं बराच वेळ ऐकलं.

"येतंय म्हनं. पन च्या जरा ग्वाड पायजे त्येला."

रंगुबाई काही न विचारता आत वळल्या. त्या यंत्राला किती साखर लागते, ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.