थोडक्यात हुकणारं हरीण

मुलांनो, मांडी घालून बसा. मोबाइल पालथे ठेवा.

एका जंगलात विद्यापीठ होतं आणि त्या विद्यापीठात संगणक होता. जंगलात संगणक कुठून आला, असं विचारू नका. विद्यापीठ कुठून आलं, हे तुम्ही कुठे विचारलंत?

तिथे रेवती नावाची एक सायाळ पीएच.डी. करत होती. सायाळीच्या अंगभर काटे असतात आणि ती कंदमुळं उकरून खाते. रेवतीच्या घरातल्या सगळ्यांनी आयुष्यभर कंदमुळं उकरली. रेवतीने व्हिडिओ गेम हा विषय घेतला.

"म्हणजे तू दिवसभर खेळतेस?" आई विचारायची.

"खेळत नाही आई, खेळावर संशोधन करते."

"आणि ते झालं की?"

"मग दुसरे खेळतील."

आई पुन्हा उकरायला लागायची.

रेवतीच्या खेळात एक वाघ होता आणि एक हरीण. वाघाला खेळणाऱ्याने पळवायचं. हरणाला कोणी पळवायचं नाही, ते आपल्या बुद्धीने पळायचं. ही बुद्धी कृत्रिम होती. रेवतीने रानातल्या हरणांचं पळणं दिवसचे दिवस बघितलं आणि पडद्यावरच्या हरणाला ते शिकवलं.

तिचे मार्गदर्शक डॉ. गवे. ते खरोखरच गवा होते. त्यांना व्हिडिओ गेममधलं काही कळत नव्हतं, कारण त्यांची स्वतःची पीएच.डी. रवंथ करण्यावर होती. पण रवंथ येत असलं की विद्यापीठात कुठल्याही विषयाचं मार्गदर्शन करता येतं.

"सर, हरीण हुशार करणं सोपं आहे," रेवती त्यांना म्हणाली. "पण ते कधीच सापडलं नाही तर खेळणारा कंटाळतो. लगेच सापडलं तरी कंटाळतो. मला असं हरीण हवंय, जे जीव तोडून पळेल आणि अगदी बरोबर वेळेला सापडेल. खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे मी माझ्या हिमतीवर पकडलं."

गवे सरांनी बराच वेळ चावून विचार केला. "चांगलं आहे," ते म्हणाले. "पण खेळून बघणारा अस्सल हवा. परीक्षक विचारतात."

अस्सल वाघ जंगलात एकच होता. तो राजा होता. रेवती भीत भीत त्याच्याकडे गेली.

"प्रबंधात माझं नाव येईल?" राजाने विचारलं.

"ऋणनिर्देशात, महाराज. सगळ्यात वर."

महाराज आले आणि संगणकासमोर बसले. पडद्यावरचा वाघ धावला. हरीण धावलं. वाघाने झेप घेतली. पंजा हरणाच्या पाठीला लागणार, इतक्यात हरीण निसटलं.

"थोडक्यात हुकलं," महाराज म्हणाले. "परत लाव."

परत लावलं. परत थोडक्यात हुकलं. संध्याकाळ झाली तरी महाराज उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचं दार उघडायच्या आधीच ते पायरीवर बसलेले होते.

असं रोजच होऊ लागलं. शिकारीला जायला त्यांना वेळच उरला नाही. भूक लागली की कॅन्टीनमधून भडंग मागवायचे. एक पंजा खेळावर आणि एक पंजा भडंगाच्या पिशवीत.

हरीण का निसटतं, ते रेवतीने शोधून काढलं. त्याला वाघाची सावली एक क्षण आधी दिसत होती. चूक लहानशी होती. ती सुधारली की प्रबंध पूर्ण होणार होता.

मग एके दिवशी तिच्याकडे भागाबाई आली. भागाबाई म्हणजे कळपातली सगळ्यात म्हातारी हरणी.

"पोरी, तुझं ते हरीण सापडतं का गं?" तिने विचारलं.

"अजून नाही, आजी. एक चूक राहिलीय. सुधारतेच आता."

भागाबाई हळूच खाली बसली. "आम्ही पाडसांची नावं लगेच ठेवत नाही," ती म्हणाली. "आधी बघतो, राहतंय का. यंदा सगळी राहिली. इतकी राहिली की नावं कमी पडायला लागलीत. ती चूक तशीच ठेवता नाही का येणार?"

"मग माझी पदवी?"

"ती खातात का?"

"नाही, आजी. नावाआधी लावतात."

"मग आम्हाला दे. नावं कमी पडतायत, एखाद्या पाडसाला तीच ठेवू."

त्या दिवशी रेवतीला जेवण गेलं नाही. तिच्याबरोबरीच्या सगळ्या सायाळी केव्हाच प्राध्यापक झाल्या होत्या. एकीने तर घरावर पाटी लावली होती. रेवतीने पाडसांचा विचार केला, मग पाटीचा केला, मग पुन्हा पाडसांचा. शेवटी ती संगणकासमोर बसली आणि तिने चूक सुधारली. मुलांनो, तिला नावं ठेवू नका. तुम्ही कधी प्रबंध लिहिलेला नाही.

तोंडी परीक्षेचा दिवस आला. नदीपलीकडच्या विद्यापीठातून परीक्षक आले. ते करकोचा होते, डॉ. करकोचे. प्रबंधात चोच खुपसून ते चुका टिपायचे. खेळ दाखवायला खुद्द महाराज बसले. खिडकीबाहेर हरणं गोळा झाली.

हरीण धावलं, वळलं, दमलं आणि सापडलं.

महाराजांचे डोळे पाणावले. "पकडलं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी पकडलं."

गवे सरांचं चावणं थांबलं. डॉ. करकोचे म्हणाले, "उत्तम. अभिनंदन, डॉक्टर रेवती."

तेवढ्यात महाराज उभे राहिले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी अंग ताणून आळस दिला. मग त्यांनी हातातल्या पिशवीकडे बघितलं.

"हे मी काय खातोय?" त्यांनी विचारलं.

महाराजांची नजर खिडकीकडे गेली. बाहेर भागाबाई उभी होती आणि तिला टेकून एक पाडस उभं होतं.

"सराव छान झाला," महाराज म्हणाले. "आता जरा बाहेर जाऊन येतो."

रेवती दारात जाऊन उभी राहिली. भीतीने तिचे सगळे काटे ताठ झाले होते.

"महाराज, तुम्ही पकडलंत ते पहिल्या टप्प्यातलं हरीण," ती म्हणाली. "लहान मुलांसाठी असतं ते."

"म्हणजे?"

"दुसऱ्या टप्प्यात मोठं हरीण येतं. ते आजवर कोणाला सापडलेलं नाही. शेजारच्या जंगलातल्या सिंहमहाराजांनाही नाही."

ही शुद्ध थाप होती. महाराजांनी खिडकीकडे बघितलं. मग पडद्याकडे बघितलं.

"लाव," ते म्हणाले आणि पुन्हा बसले.

डॉ. करकोच्यांनी प्रबंधातून चोच बाहेर काढली. "दुसऱ्या टप्प्याचा यात उल्लेख नाही. म्हणजे तुमचं संशोधन पूर्ण झालेलं नाही?"

रेवतीने खिडकीबाहेर बघितलं. पाडस भिंतीलगतचं गवत खात होतं.

"नाही, सर. पूर्ण झालेलं नाही."

"कधी होईल?"

"सांगता येत नाही."

"मग पदवी देता येणार नाही."

"नका देऊ, सर," रेवती म्हणाली.

महाराजांसाठी नवीन भडंग येईपर्यंत तिने हरीण जरा मोठं केलं आणि सुधारलेली चूक परत घातली.

अजून ती पीएच.डी. करतेच आहे. दरवर्षी तिला मुदतवाढ मिळते. गवे सर समितीला सांगतात की विषय सखोल आहे. महाराज सांगतात की थोडक्यात हुकतंय.

मध्यंतरी हरणांनी तिचा सत्कार केला. शाल दिली, श्रीफळ दिलं. फलकावर लिहिलं होतं: 'कु. रेवती यांचा पीएच.डी. न झाल्याबद्दल जाहीर सत्कार'. तिची आई पहिल्या रांगेत बसली होती. इतकी पाडसं तिने एका जागी कधी पाहिली नव्हती.

"काय केलं म्हणे हिने?" आईने शेजारी बसलेल्या भागाबाईला विचारलं.

"काहीच पूर्ण केलं नाही," भागाबाई अभिमानाने म्हणाली.

आईने पदराने डोळे पुसले. काट्यांमुळे जरा जपूनच पुसले.

तात्पर्य: हाती घेतलेलं काम तडीस न्यावं, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. ते परीक्षेपुरतं लिहा. पण तुमच्या घरी एखादी ताई वर्षानुवर्षं पीएच.डी. करत असेल, तर 'कधी संपणार?' असं तिला विचारू नका. ते संपलं की कोण जागेवरून उठेल, याचा नेम नसतो.